आधी रेषा, मग नक्षी

स्मरणिकेसाठी आठवणी मागवल्या आहेत. आठवणी बाकीचे लिहितीलच. सुतारकामाच्या तासाला हाताला जे लागलं, त्यातलं एक काम मी इथे नीट मांडून ठेवतो: लाकडाचा नक्षीदार डाव. हीच पद्धत चमच्याला आणि उलथन्यालाही चालते. या कामात जे बिघडतं, त्यातलं बहुतेक लाकडाच्या रेषांकडे, म्हणजे तंतूंच्या दिशेकडे, दुर्लक्ष केल्यामुळे बिघडतं. नक्षीला लोक उगाच घाबरतात. नक्षी हा त्यातला सोपा भाग आहे.

लाकूड दाट आणि बारीक छिद्रांचं हवं. बीच, मेपल, चेरी, पेर ही झाडं उत्तम. मोठ्या उघड्या छिद्रांच्या लाकडात खरकटं आणि ओल अडकून बसते. शिसवी दिसायला देखणं असतं, पण त्याची धूळ अनेकांच्या नाकाला आणि त्वचेला सोसत नाही, म्हणून मास्क लावावा. कण्हेर विषारी आहे, ती घेऊच नये. प्लायवुड आणि रंगवलेल्या जुन्या फळ्याही नकोत, आणि कुठल्या झाडाचं हे सांगता येत नसेल तर तो तुकडाही बाजूला ठेवावा. खोडाचा तुकडा मिळाला तर करवतीने चिरण्याऐवजी कुऱ्हाडीने फोडावा. करवत आपल्याला हवी तशी जाते, फूट मात्र रेषेच्या वाटेने जाते, त्यामुळे दांड्यात तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात. मधला गाभा काढून टाकावा. लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. ही ओढाताण गाभ्याशी येऊन फुटते, आणि गाभा आत राहिलेला डाव तडकतो.

ठोकळा 30 सेंटीमीटर लांब, 6 रुंद, 3.5 जाड. त्यावर 8 सेंटीमीटर लांबीची वाटी आखायची, वाटी आणि दांडा जुळतात त्या मानेला 12 मिलिमीटर रुंदी आणि 15 मिलिमीटर जाडी ठेवायची. मान रुंदीपेक्षा जाडीला जास्त हवी, कारण ढवळताना जोर त्याच बाजूने येतो. बाहेरचा आकार आधी कापायचा मोह होतो, तो आवरावा. ठोकळ्याच्या बाजू समांतर आहेत तोवर तो शिकंज्यात घट्ट बसतो, तेव्हाच वाटी कोरून घ्यावी. गोल पटाशी रेषांना आडवी, काठाकडून मध्याकडे चालवायची, मग ठोकळा फिरवून समोरच्या काठाकडून. पटाशी रेषेच्या दिशेनेच लांब नेली तर उतारावर ती गुळगुळीत चालते, पण तळ ओलांडून चढाला लागली की तंतूंच्या खाली शिरते आणि लाकूड उचकटतं. बरोबर चाललेली पटाशी कुरकुरीत आवाज करते आणि पातळ ढलपी गुंडाळत येते. उलटी गेली की आवाज फाटतो, आणि तो हाताच्या आधी कानाला कळतो.

वाटीच्या काठावर पट्टी आडवी ठेवून खोली सारखी मोजत राहावी. शेवटी तळाला 4 आणि काठाला 3 मिलिमीटर लाकूड उरलं पाहिजे. मापाशिवाय अंदाजाने कोरलं तर बाहेरून तासताना तळाला भोक पडतं, आणि ते बुजवता येत नाही.

मग बाहेरचा आकार. मानेशी दोन्ही बाजूंनी करवतीचा एकेक थांबकाप घ्यावा. दांड्याकडून येणारा आणि वाटीकडून येणारा असे दोन्ही काप मानेच्या खोलगट भागात येऊन थांबतात. एकच काप पुढे रेटला तर वाटीची कड सुटून येते. नियम एवढाच की नेहमी उंचावरून उताराकडे कापायचं. सरळ फळीतून दांड्याला जास्त बाक देऊ नये, 30 सेंटीमीटरला 2 सेंटीमीटर पुरे. त्याहून जास्त बाक दिला की मानेतले तंतू आखूड तुटतात, आणि डाव पहिल्या जोरकस ढवळण्यात तिथेच मोडतो. मोठा बाक हवा असेल तर तशीच वाकलेली फांदी शोधावी.

लाकूड ओलं असेल तर सगळीकडे 10 मिलिमीटर जाडी ठेवून काम थांबवायचं. तो कच्चा डाव त्याच्याच ढलप्यांसकट कागदी पिशवीत, सावलीत ठेवायचा. दोन-तीन दिवसांनी वजन करायचं, आणि वजन उतरायचं थांबलं की तो वाळला असं धरायचं. उन्हात ठेवला तर टोकं आधी वाळतात आणि चिरतात, प्लास्टिकमध्ये बांधला तर बुरशी येते.

आता नक्षी. ती फक्त दांड्याच्या शेवटच्या 10 सेंटीमीटरवर असावी, आणि तिथे जाडी निदान 8 मिलिमीटर हवी. वाटीत कोरलेली फुलं म्हणजे धुताना डोक्याला ताप. मानेवर कोरणं म्हणजे मोडायची जागा आखून देणं. त्रिकोणी खाचांची नक्षी सर्वात सोपी. 5 मिलिमीटर बाजूचे त्रिकोण पुसट पेन्सिलीने आखावेत. सुरी साधारण 65 अंशांत कलती धरून तीन काप घ्यावेत. तिघांची टोकं तळात साधारण 3 मिलिमीटर खोलीवर एका बिंदूत भेटली की तिसऱ्या कापाला कपची आपोआप उडते. नाही उडाली तर टोकाने उचकू नये, तेच काप पुन्हा फिरवावेत. उचकलेल्या खाचेचा तळ केसाळ राहतो. शेजारी आधीच कोरलेली खाच असेल तर तिच्या लगतचा काप पहिला घ्यावा, म्हणजे पुढच्या कापांचा दाब मधल्या नाजूक कडेवर येत नाही. दोन खाचांमध्ये अर्धा मिलिमीटर सपाट पट्टी सोडली तर कडा टिकतात.

पॉलिश पेपर कोरण्याआधी फिरवला तर त्याचे कण लाकडात रुतून सुरीची धार मारतात, आणि नंतर फिरवला तर धारदार कडा बोथट होतात. म्हणून नक्षीची जागा रंध्याने किंवा सुरीनेच गुळगुळीत करावी. पेपर वाटीसाठी ठेवावा: आधी 120 नंबरचा, मग 180, मग 240. त्यानंतर वाटी पाण्याने ओली करून वाळू द्यावी. तंतू उभे राहतात, ते 320 ने हलक्या हाताने काढावेत. ही पायरी टाळली तर पहिल्याच धुण्यात डाव खरखरीत होतो.

तापलेल्या पेनने डागून नक्षी करायची असेल तर ती तेलाआधी. पेन हलता असतानाच टेकवावा, थांबवून टेकवला की काळा ठिपका पडतो. पेन वलयांच्या मऊ पट्ट्यात खोल बुडतो आणि कडक पट्ट्यावर घसरतो, म्हणून बारीक वलयांचं लाकूड घ्यावं.

खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लावू नये. ते वाळत नाही, आणि पुढे खवट वास येतो. कच्चं जवसाचं तेल हवेशी मिसळून घट्ट होतं. बाजारातल्या ‘उकळलेल्या’ जवस तेलात बहुधा धातूंचे क्षार असतात, ते खाण्याच्या भांड्याला नको. पातळ हात द्यावा, वीस मिनिटांनी पुसावं, दुसऱ्या दिवशी पुन्हा, असे तीन हात. नंतर पंधरा-वीस दिवस डाव वापरू नये. तेलाची फडकी मात्र चुरगाळून टाकू नयेत. जवस घट्ट होताना उष्णता सुटते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

खाचांमध्ये साचलेलं तेल चिकट पिवळं राहतं आणि धूळ धरतं. कोरडा, आखूड केसांचा ब्रश खाचेच्या दिशेने फिरवला की ते निघतं. त्यासाठी पुसतानाच, तेल ओलं असताना, ब्रश हाताशी ठेवावा.