सायकस औषधी आहे ना, मग घ्यायला काय हरकत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. सायकस म्हणजे बागेत शोभेला लावतात ते पामसारखं दिसणारं झाड. वनस्पतीशास्त्र शिकवते म्हटल्यावर कुणी ना कुणी विचारतंच: "मॅडम, सायकसमध्ये कॅन्सरवर चालणारं काहीतरी सापडलंय म्हणे. काढा घेतला तर?"

घेऊ नका. सापडलंय हे खोटं नाही. पानांत अमेंटोफ्लेव्होनसारखी बायफ्लेव्होनॉइड्स नावाची संयुगं असतात, आणि प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत त्यांनी कर्कपेशींची वाढ रोखल्याचे निबंध आहेत. पण बशीला यकृत नसतं. आणि त्याच झाडात सायकॅसिन असतं, म्हणजे साखरेला बांधलेलं विष. बांधलेलं, म्हणून तसं निरुपद्रवी. आपल्या आतड्यातले जिवाणू ती साखर सोडवतात आणि विष मोकळं होतं. जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांना सायकॅसिन खाऊनही कर्करोगाच्या गाठी झाल्या नाहीत. साध्या उंदरांना झाल्या.

हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी एका दिवाळी अंकात लिहिलं की केरळात ईंताच्या, म्हणजे तिथल्या सायकसच्या, बियांचं पीठ लोक पिढ्यान्पिढ्या खातात. बिया फोडून, वाळवून, पाणी बदलत भिजवतात, ही ओळ जागेअभावी मीच कापली.

मामांनी तो लेख दोनदा वाचला. त्यांच्या सोसायटीच्या फाटकापाशी सायकस आहे, मादी, शेंदरी बियांनी भरलेली. गुडघेदुखीवर म्हणून त्यांनी चार बिया फोडून तव्यावर भाजल्या आणि गुळाबरोबर खाल्ल्या. तासाभरात उलट्या सुरू झाल्या. मी पोचले तेव्हा ते मोरीच्या उंबऱ्यावर बसले होते, नखांत बियांवरची तपकिरी लव अडकलेली. ओट्यावर उरलेले तुकडे बशीखाली नीट झाकून ठेवलेले, माझ्यासाठी. "तू लिहिलं होतंस ना," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. रात्रभर सलाईन. यकृताचे आकडे येईपर्यंत मी दवाखान्याच्या बाकावर बसून कापलेली ती ओळ मनात लिहीत होते. आकडे ठीक आले.

मी खोटं लिहिलं नव्हतं, असं आजही म्हणते. पण अर्धं लिहिलं होतं, आणि ज्याला दुखतंय तो त्यातलं आपल्याला हवं तेवढंच उचलणार, हे मला कळायला हवं होतं.

हल्ली मामांचा एकच प्रश्न असतो: "नीट भिजवल्या असत्या तर चाललं असतं ना?" पाण्याने सायकॅसिन बरंचसं निघून जातं, हे खरं. पण प्रशांत महासागरातल्या गुआम बेटावरचे मूळ रहिवासी, चामोरो लोकही पीठ धुऊनच खायचे, आणि त्यांच्यात अंग लुळं पाडणारा, हात थरथरवणारा एक आजार फार पसरला होता. 1967 मध्ये सायकसच्या बियांत बीएमएए नावाचं, मज्जापेशींना घातक अमिनो आम्ल सापडलं. धुतलेल्या पिठात ते फार थोडं उरतं, म्हणून ते कारण नव्हे, असं काही संशोधक म्हणतात. काही त्या बिया खाणाऱ्या वटवाघळांकडे बोट दाखवतात, कारण चामोरो ती वटवाघळंही खायचे. वाद मिटलेला नाही.

मामांना हे सगळं सांगून झालं. ते ऐकून घेतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच विचारतात.