कट्ट्यावर आज पुस्तकांवरून जुंपली
आज वाचनकट्ट्यावर काय रंगलं होतं यार! 'कोसला' (नेमाडेंची कादंबरी) १९६३ चं, तरी कॉलेजातली पोरं म्हणतात त्यातला नायक पांडुरंग सांगवीकर आमच्यातलाच वाटतो, आणि एक काकू म्हणाल्या मला ते अर्ध्याच्या पुढे झेपलंच नाही. कर्णावरच्या 'मृत्युंजय' कादंबरीवर तर सरळ दोन तट, कुणाला कर्ण वाचून रडू येतं, कुणाला ती भाषा फार अलंकारिक वाटते. मला विचाराल तर 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र, लक्ष्मीबाई टिळक इतकं समोर बसून बोलल्यासारखं लिहितात ना, तोड नाही. मग दया पवारांच्या 'बलुतं' या दलित आत्मकथनाचा विषय निघाला आणि एक दादा म्हणाले, हे वाचून मी वडिलांना पहिल्यांदा त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं. त्यावर आवडलं-नावडलं काय बोलणार कुणी! पुढच्या वेळी सगळ्यांनी तेच वाचून यायचंय, कॉपी नसेल तर इनबॉक्स करा, माझी देते.