पट्टा लावलात का?

आज शुक्रवार, म्हापशाचा बाजार. हेल्मेटं भरपूर दिसली, पण बरीच आरशाला लटकलेली, आणि डोक्यावरच्यांचे पट्टे सुटे! पट्टा सुटा असेल तर डोकं रस्त्यावर आपटण्याआधीच हेल्मेट उडून जातं. बक्कल लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं मावावीत, जास्त नाही. मग मागची कड धरून पुढे ओढा. निघालं तर माप मोठं. आतला थर्माकोलचा थर दबून मार झेलतो आणि पुन्हा फुगत नाही, म्हणून अपघातात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकाचक असलं तरी बाद. पेट्रोल-थिनरने पुसू नका, कवच कमकुवत होतं. घेताना आयएसआय खुणेसोबत आयएस ४१५१ (हेल्मेटचं भारतीय मानक) बघा. मोटार वाहन कायद्याचं हेल्मेटसक्तीचं कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. आणि ‘हांगाच वता’ (इथंच तर जातोय) म्हणणाऱ्यांनाही, बरं का.