सही-शिक्क्याची नक्कल

आमच्या शाळेची एकोणीस मुलं रोम आणि फ्लॉरेन्स बघून आली, त्याला आता वर्ष होईल. तरी कुणी विचारलं, "मॅडम, कसं जमवलंत?" की माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा व्हिसा अर्ज केंद्राची काचेची खिडकीच येते. राग अजून उतरलेला नाही. पुढे ज्या शाळा मुलांना नेतील त्यांच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून लिहिते.

मी कोल्हापुरात चित्रकला शिकवते. इटलीच का, असं पालकसभेत विचारलं गेलं तेव्हा मी राजाराम महाराजांचं नाव घेतलं. इंग्लंडचा दौरा आटोपून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, आपले कोल्हापूरचे छत्रपती फ्लॉरेन्समध्ये वारले. तिथे दहनाची रीत नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. १८७४ साली तिथे त्यांच्या स्मारकाची छत्री उभी राहिली. तिचा आराखडा ब्रिटिश वास्तुविशारद मेजर मँट यांचा, आणि कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडाही त्यांचाच. सभेत पुढे कुणी काही विचारलं नाही. पैसे, विमान, राहणं, सगळं ठरत गेलं.

अडलं ते एका सहीवर.

अल्पवयीन मुलाच्या व्हिसासाठी आई-वडील दोघांचं नोटरी केलेलं संमतिपत्र मागतात. अठरा जणांचं झालं. एकोणिसाव्या मुलीचे वडील सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेले. घटस्फोट नाही, पत्ता नाही. आई डबे करून घर चालवते. पोरीचा हात असा, की तिची रेघ मला खोडावी लागत नाही. पासपोर्ट तिला एकट्या आईच्या सहीवर मिळाला होता, अ‍ॅनेक्शर सी, म्हणजे दुसऱ्या पालकाची संमती नसताना द्यायचं प्रतिज्ञापत्र, भरून. मला वाटलं, आपल्या सरकारने आईची सही पुरेशी मानली, आता पुढे काय अडणार?

ऑगस्टमध्ये रात्रीची महालक्ष्मी धरून आम्ही मुंबईला गेलो. बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, त्यामुळे मुलं, पालक, आम्ही तीन शिक्षक असा सगळा लवाजमा. तिचा नंबर आला. खिडकीतल्या बाईंनी फाइल चाळली आणि काचेखालून परत सरकवली.

"वडिलांची सही नाही."

मी परिस्थिती सांगितली.

"मग कोर्टाचा ताब्याचा आदेश द्या. नाहीतर मृत्यूचा दाखला."

तिची आई माझ्या शेजारीच उभी होती, गळ्यात मंगळसूत्र. तिने मान खाली घातली. मी अ‍ॅनेक्शर पुढे केलं, तर उत्तर आलं, "ते पासपोर्टसाठी, हे व्हिसासाठी." वरिष्ठांना भेटायचं म्हटलं, तर अर्धा तास बाकावर बसवून त्यांनीही तेच सांगितलं. माझी मागणी एवढीच होती की कोणता कागद चालेल ते लिहून द्या. लिहून कुणी देईना. पोरगी तिकडे मैत्रिणींबरोबर ठशांच्या रांगेत उभी. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, पोरीला आत्ताच काय सांगू नगा." तुझे ठसे पुढच्या खेपेला, एवढंच आम्ही तिला सांगितलं. ती समजायचं ते समजली.

परतीच्या वाटेवर मी आईला एकच गोष्ट खोदून खोदून विचारत होते. कोर्टात कधी काही गेलं होतं का? कऱ्हाड मागे पडल्यावर तिला आठवलं. पोटगीचा दावा लावला होता, निकालही लागला होता. पैसे कधी आले नाहीत, म्हणून कागद ट्रंकेत टाकून दिलेला. दुसऱ्या दिवशी ती झेरॉक्स घेऊन शाळेत आली, घड्यांवर फाटलेली. तिसऱ्या पानावर होतं, की मुलगी अर्जदार आईच्या ताब्यात आहे आणि तिचं पालनपोषण आईच करते. ते वाचून मी स्टाफरूममध्ये रडले.

पुढची वेळ मिळायला तीन आठवडे गेले. दुसऱ्या फेरीला खिडकी तीच. "झेरॉक्स चालत नाही. आणि हे मराठीत आहे." हे पहिल्या दिवशी कुणी कागदावर लिहून दिलं असतं तर? अजूनही हा प्रश्न आठवला की माझा आवाज चढतो.

म्हणून नीट सांगते. कोर्टाचा कागद लावायचा असेल तर कोर्टाच्या नक्कल विभागातून सही-शिक्क्याची नक्कल काढा. अर्जावर कोर्ट फी स्टँप लावा, दाव्याचा नंबर आणि वर्ष लिहा. नंबर हाताशी नसेल तर आधी ज्यांनी दावा चालवला त्या वकिलांना गाठा. आम्हाला नक्कल मिळायला अकरा दिवस लागले. मग इंग्रजी भाषांतर, त्यावर नोटरी. नोटरीचा जांभळा शिक्का नेमका मुलीच्या नावावर बसला, अक्षरं दिसेनात. तेवढ्यासाठी ते पान मी पुन्हा करून घेतलं, आणि बरं केलं. सोबत आईचं प्रतिज्ञापत्र, मुख्याध्यापकांचं पत्र आणि शाळेचं बोनाफाइड.

तिसऱ्या फेरीला ती, तिची आई आणि मी, तिघीच. फाइल आत गेली आणि आतच राहिली. पोरीने यंत्राच्या काचेवर चार बोटं टेकवली तेव्हा तिच्या नखांत काळी शाई होती, रात्री गाडीत ती चित्रं काढत बसलेली. व्हिसाचा निर्णय १५ दिवसांत व्हावा असा नियम आहे, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. तिचा पासपोर्ट निघायच्या चार दिवस आधी आला. घरी जाऊन मी स्वतः तिच्या हातात दिला.

बाकीचं आठवेल तसं. मुलांचा पासपोर्ट बहुधा पाच वर्षांचाच असतो, आणि परतीच्या तारखेनंतर त्याची तीन महिने तरी मुदत हवी. आमच्यातल्या दोघांचे नव्याने काढावे लागले. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. अभ्यासासाठी जाणारी शाळकरी मुलं आणि त्यांच्या शिक्षकांना शेंगेनच्या, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाच्या, नियमांत व्हिसा शुल्काची माफी आहे, एरवी बारा वर्षांवरच्यांना ९० युरो पडतात. माफीसाठी शाळेच्या पत्रात रोज काय शिकणार ते लिहा. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. आणि अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. ऑगस्टपर्यंत थांबले ही माझी चूक.

फ्लॉरेन्सची उफिझी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात, हेही लक्षात ठेवा. सरकारी संग्रहालयांत अठराच्या आतल्यांना तिकीट नाही, पण आधी वेळ राखून ठेवा. अकादेमियात मायकेलअँजेलोचा डेव्हिड आहे, एकाच संगमरवरी दगडातला, पाच मीटरहून उंच, १५०१ ते १५०४ या काळात घडवलेला. डेव्हिडकडे जाणाऱ्या वाटेवर मायकेलअँजेलोचेच अर्धवट राहिलेले 'कैदी' नावाचे पुतळे उभे आहेत. मुलं रेंगाळली ती त्यांच्यापाशी. अंगावर छिन्नीचे ओरखडे तसेच आहेत, कुठे खांदा बाहेर आलाय, डोकं अजून दगडातच. असं काम करताना दिसणारं शिल्प मला वर्गात कधीच दाखवता आलं नसतं.

फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये चिमाबुए या जुन्या चित्रकाराने रंगवलेला क्रूस आहे. ४ नोव्हेंबर १९६६ च्या आर्नोच्या महापुरात त्याचा बराचसा रंग कायमचा धुऊन गेला. तो आता उंचावर टांगला आहे, आणि रंग गेला तिथे गेलेला दिसतो. २०१९ साली पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ही मुलं चौथीत होती. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. फ्लॉरेन्समधल्या भिंतींवर १९६६ च्या पुराच्या पाण्याची खूण सांगणाऱ्या पाट्या आहेत. आमची एकोणिसावी एका पाटीखाली हात वर करून उभी राहिली. हात पोहोचला नाही. मग वहीत तिने पाटी आणि खाली आपली उंची, एवढंच काढलं.

महाराजांची छत्री फ्लॉरेन्सच्या कासिने बागेच्या पार टोकाला आहे. बाग तीन किलोमीटरहून लांब, आम्ही चालत गेलो. मेघडंबरीखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. मी काही बोलायच्या आत मुलांनी बूट काढले. नदीवरून गार वारा येत होता, तरी अर्धा तास सगळी अनवाणी चित्रं काढत बसली होती.

या वर्षीच्या यादीत अशा दोन आया आहेत. दोघींना मी जूनच्या पहिल्या आठवड्यातच नक्कल विभागात घेऊन गेले. एकीची नक्कल आली आहे, दुसरीच्या दाव्याचा नंबर शोधणं चालू आहे.