कांचनजंगा: अंधार कुठे ठेवायचा

डिसेंबरमध्ये काढलेली फ्रेम मी शेवटी बाजूला ठेवली. पाच महिने तिच्यावर काम केलं, सहा वेळा अगदी पहिल्यापासून एडिट केली, आणि सहाही वेळा इमारत पुठ्ठ्यातून कापून आभाळावर चिकटवल्यासारखी दिसली. कॉन्ट्रास्ट वाढवून पाहिला, आभाळ काळं करून पाहिलं, कडा धारदार केल्या. काही उपयोग झाला नाही. दोष एडिटमध्ये नव्हता, उन्हात होता, आणि ते समजायला मला होकायंत्र घेऊन गच्चीवर उभं राहावं लागलं.

इमारत म्हणजे मुंबईत कंबाला हिलवरची, वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची कांचनजंगा. १९८३ साली पूर्ण झालेली, २८ मजली, आत ३२ घरं. पाया २१ मीटरचा चौरस आणि उंची ८४ मीटर, म्हणजे एकास चार. पेडर रोडवरून जाताना मान वर केली की कोपऱ्यांतून कोरून काढलेल्या त्या दुमजली गच्च्या दिसतात. कृष्णधवलसाठी याहून चांगला विषय मला तरी शहरात सापडलेला नाही. मोठे सपाट पृष्ठभाग, त्यात मोजके खोल कोनाडे, आणि नक्षी अजिबात नाही.

मी नैर्ऋत्येला असलेल्या एका सोसायटीच्या नवव्या मजल्यावरच्या गच्चीवरून फोटो काढते. मावशीची ओळख आणि सेक्रेटरींची परवानगी, दोन्ही आहेत. तिथून इमारतीची डावीकडे पश्चिम भिंत आणि उजवीकडे दक्षिण भिंत दिसते, मधे कोपरा. डिसेंबरात दुपारी साडेतीनला सूर्य नैर्ऋत्येला असतो, म्हणजे थेट माझ्या पाठीमागे. दोन्ही भिंतींवर जवळजवळ सारखंच ऊन. दोन भिंती एकाच छटेच्या असल्या की कोपरा नाहीसा होतो, आणि कोपरा गेला की घनता गेली. ती छटा मी सहा वेळा हाताने वेगळी करायला बघत होते, आणि डोळा फसत नव्हता.

जूनची गोष्ट वेगळी. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी आपल्या बरोबर डोक्यावर येतो, आणि या दोन दिवसांच्या दरम्यान तो आपल्या उत्तरेकडून जातो. म्हणजे जूनमध्ये नेमक्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर दिवसभरात थेट ऊन पडतच नाही. दुपारी चारला सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेला, क्षितिजापासून चाळीसेक अंशांवर. पश्चिम भिंत लख्ख, दक्षिण भिंत सावलीत. मला जे मास्क लावून, म्हणजे फोटोचा एकेक भाग वेगळा निवडून, करायचं होतं ते जून फुकट देतो. तुमच्यापैकी जे कोणी एकाच इमारतीवर अडून बसले असतील त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की सॉफ्टवेअर उघडण्याआधी त्या इमारतीचं ऊन सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा बघा.

जूनचा पहिला आठवडा. मुंबईत पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला दाखल होतो, त्याच्या आधीचे हे दिवस मला वर्षातले सर्वांत मोलाचे वाटतात. ऊन कडक असतं आणि ढग सुरू झालेले असतात. ते नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जातात आणि माझा कॅमेराही ईशान्येकडेच बघतो, त्यामुळे लाँग एक्सपोजरमध्ये, म्हणजे शटर काही मिनिटं उघडं ठेवलं की, ढगांचे पट्टे आडवे न पसरता इमारतीमागच्या एका बिंदूकडे धावत जातात. हे मी ठरवून केलेलं नाही, जागेने दिलं.

एफ ८, आयएसओ १००, फिल्टरशिवाय १/२५० सेकंद. दहा स्टॉप आणि सहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) असे दोन एनडी, म्हणजे प्रकाश अडवणारे गडद, फिल्टर एकावर एक लावले की प्रकाश ६५,५३६ पटीने कमी होतो, म्हणजे एक्सपोजर २६२ सेकंद. चार मिनिटं बावीस सेकंद त्या गच्चीवरच्या वाऱ्यात ट्रायपॉड स्थिर राहत नाही, हे डिसेंबरातच कळलं होतं. म्हणून इमारतीसाठी फिल्टरशिवायची छोटी फ्रेम वेगळी आणि आभाळासाठी लांब फ्रेम वेगळी, एकाच जागेवरून, एकाच दुपारी. दुसऱ्या दिवशीचं किंवा दुसऱ्या गावचं आभाळ आणायचं नाही, हा नियम मी स्वतःसाठी केला आहे. आभाळ कितीही गडद करीन, पण ते त्या इमारतीवरचं त्या वेळचं असलं पाहिजे.

रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ फाइलवर, फार काही केलं नाही. लेन्स करेक्शन, एनडीमुळे आलेली निळसर झाक काढणं, उभ्या रेषा उभ्या करणं. नवव्या मजल्यावरून काढल्यामुळे रेषा फारशा आत झुकलेल्या नव्हत्या. तरी एक तपासणी नेहमी करते: रेषा सरळ केल्यावर समोरच्या कोपऱ्याच्या कडेवर वरच्या एका मजल्याची उंची पिक्सेलमध्ये मोजायची आणि खालच्या एका मजल्याची मोजायची. सारखी आली तर दुरुस्ती बरोबर. नाही आली तर डोळ्याला इमारत वर ताणल्यासारखी वाटत राहते आणि का ते कळत नाही. मग १६ बिटची टिफ. ८ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त २५६ पायऱ्या असतात. मोठ्या आभाळावर लांब ग्रेडियंट, म्हणजे उजळाकडून गडदाकडे सरकत जाणारी छटा, टाकला की त्या पायऱ्या पट्ट्यांसारख्या उघड दिसतात.

आता मुख्य काम, मास्क. डिसेंबरच्या फ्रेमवर मी ६१ मास्क केले होते. प्रत्येक खिडकी वेगळी, प्रत्येक कठडा वेगळा. पेन टूलने पाथ काढत रात्री जागवल्या. तेवढी मेहनत झाल्यावर प्रत्येक तुकड्याला आपापला ग्रेडियंट देण्याचा मोह आवरत नाही, आणि तसं केलं की प्रत्येक खिडकीला स्वतःचा वेगळा सूर्य मिळतो. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला जाणवतं.

या वेळी ट्रेसिंग पेपर घेतला. फोटोचा फिकट प्रिंट खाली ठेवून त्यावर पेन्सिलीने फक्त एवढंच लिहिलं: हा पृष्ठभाग कुठे तोंड करून आहे? पश्चिम, दक्षिण, की खाली? असं लिहीत गेल्यावर सगळी इमारत सात गटांत बसली: पश्चिम भिंत, दक्षिण भिंत, गच्च्यांच्या आतल्या पश्चिमेकडच्या भिंती, आतल्या दक्षिणेकडच्या भिंती, गच्च्यांची छतं, कठडे, काचा. आठवा मास्क आभाळाचा. एका गटातले सगळे पृष्ठभाग एकाच उन्हाला एकाच कोनात सामोरे जातात, म्हणून त्यांचा मास्कही एकच आणि ग्रेडियंटची दिशाही एकच. पाथ पेन टूलनेच काढले, कडेला अर्ध्या पिक्सेलचं फेदर, म्हणजे मऊपणा, दिलं, आणि प्रत्येक सिलेक्शन चॅनेल म्हणून नाव देऊन साठवलं. आपोआप निवड करणाऱ्या मॅजिक वाँडच्या वाटेला पुन्हा जाणार नाही. त्याने कापलेली कड मोठ्या प्रिंटमध्ये उंदराने कुरतडल्यासारखी दिसते.

इथे थोडं थांबून सांगते. अथेन्सच्या जुलिया ॲना गोस्पोदारू या छायाचित्रकार शिक्षणाने वास्तुविशारद आहेत, आणि त्या आपल्या पद्धतीला फोटोग्राफी ड्रॉइंग म्हणतात. फोटोकडे पेन्सिलीच्या शेडिंगसारखं बघायचं, घनाकाराला छटा देत जायचं. त्यांचं काम मी कितीतरी वर्षं बघते आहे, पण ट्रेसिंग पेपरवर खरोखरच पेन्सिल टेकवली तेव्हा ते हातात उतरलं.

कृष्णधवल रूपांतर करताना एक अडचण आली. गच्च्यांच्या आतल्या भिंतींना रंग आहेत, काही ठिकाणी तांबूस झाक दिसते. लाल चॅनेल वर नेला की त्या भिंती उजळतात आणि कोनाड्याची खोली जाते. निळा खाली ओढला तर आभाळ छान गडद होतं, पण त्यात दाणे उठतात आणि इमारतीच्या कडेला पांढरी किनार उमटते. म्हणून आभाळासाठी एक रूपांतर आणि इमारतीसाठी दुसरं, दोन लेयर. निळ्याला हात न लावता आभाळ नंतर कर्व्हने खाली आणलं. किनार आलीच नाही.

आणि आता त्या गच्च्या. माझं सगळं शिकणं इथे आहे.

पश्चिमेकडून समुद्राचा वारा येतो, समुद्र दिसतो, म्हणून मुंबईत घराचं तोंड तिकडे हवं. पण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा हेही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर उपाय म्हणून घराभोवती व्हरांडा फिरवला. आपल्याकडे गावच्या घरांना ओसरी आणि पडवी असते ती याचसाठी. कोरियांनी तीच ओसरी उंच इमारतीत कोपऱ्यात आणली, दोन मजले उंच केली, तिच्यात बाग ठेवली, आणि राहत्या खोल्या तिच्या मागे नेल्या. म्हणजे त्या कोनाड्यांतली सावली ही इमारतीची शोभा नाही, ती इमारतीचं कारण आहे.

हे माहीत असूनही मी पहिल्या तीन एडिटमध्ये शॅडो वर उचलून गच्च्यांतली झाडं दाखवली. माहिती भरपूर आली आणि ओसरी गेली. पुढच्या तीन एडिटमध्ये गच्च्या मिट्ट काळ्या केल्या, तर भिंतीवर काळे चौकोन रंगवल्यासारखे दिसले. घरातला अंधार तसा नसतो. आजोळच्या ओसरीत दुपारी बसलेल्या कोणालाही माहीत आहे की उंबऱ्याकडे जाताना तो थोडा थोडा दाट होत जातो, आणि जमिनीवर पडलेल्या उन्हाने आढं खालून उजळतं.

तेच केलं. छतांच्या मास्कवर बाहेरच्या कडेला थोडी उजळ छटा, आत जाताना गडद. आतल्या पश्चिमेकडच्या भिंतींवर ऊन जिथे संपतं ती तिरकी रेषा फोटोत होतीच, तिच्या वर ग्रेडियंट चढवला, रेषेला धक्का लावला नाही. आतल्या दक्षिणेकडच्या भिंती सर्वांत गडद. ग्रेडियंटची अपारदर्शकता आठ टक्के, एका जागी दहा-बारा वेळा. एकदम चाळीस टक्के दिलं की हात दिसतो.

छटा ठरवायला अन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांची झोन पद्धत वापरली, शून्य (निव्वळ काळा) ते दहा (पूर्ण पांढरा) असे छटांचे अकरा झोन. पश्चिम भिंत सात ते आठ, दक्षिण भिंत चारच्या आसपास, गच्च्या दोन ते तीन. शून्याचा निव्वळ काळा फक्त सर्वांत वरच्या गच्चीच्या खोल कोपऱ्यात, नखाएवढा. पूर्ण पांढरा कुठेच नाही. पश्चिम भिंतीला वरून खाली उतरता ग्रेडियंट दिला, खालचे मजले झोन सहापर्यंत आणले, कारण आजूबाजूच्या नव्या टोलेजंग इमारती तिथे गर्दी करतात आणि नजर वर जायला हवी.

आभाळ मग सोपं गेलं. उजळ भिंतीमागे गडद आभाळ, सावलीतल्या भिंतीमागे उजळ आभाळ. डावीकडे झोन दोन, उजवीकडे पाच-सहा, आणि ढगांचे पट्टे या बदलाला वाट करून देतात. शेवटी एक टक्का एकरंगी नॉइज, ग्रेडियंट प्रिंटमध्ये फुटू नये म्हणून.

पहिला प्रिंट जुलैमध्ये काढला. २४ मेगापिक्सेलची फ्रेम ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) उभी साधारण १३ बाय २० इंच होते. मॅट कागद निवडला होता. गच्च्यांमधला दोन आणि तीन यांतला फरक पूर्ण बुडाला, इतक्या दिवसांची ओसरी कागदाने गिळली. चूक दोन ठिकाणी होती. माझा मॉनिटर खूपच उजळ होता, तो आता ९० निट उजेडावर आणला आहे. आणि मॅट कागदाचा काळा मुळात तेवढा खोल जात नाही, त्यामुळे गडद छटा एकमेकींत दाबल्या जातात. दुसऱ्या वेळी बरायटा, म्हणजे जास्त खोल काळा देणाऱ्या, कागदावर गच्च्यांच्या भागाच्या चार पट्ट्या काढल्या, प्रत्येकीत शॅडो थोड्या थोड्या उचललेल्या. तिसरी पट्टी बरोबर आली. दिव्याखाली नव्हे, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात धरली तेव्हा सर्वांत वरच्या गच्चीचं छत बाहेरच्या कडेला उजळलेलं दिसलं, आणि त्याच्या मागे एका दाराची चौकट. ती चौकट मी मॉनिटरवर कधी पाहिली नव्हती.

दक्षिण भिंतीचा खालचा तिसरा भाग अजून मला पटत नाही. तिथे शेजारच्या इमारतीवरून परतलेला उजेड पडला आहे, तो खरा आहे, पण दिशेच्या गटात बसत नाही. त्याला वेगळा नववा मास्क द्यायचा की झोन चारमध्ये विरघळवून टाकायचा, हे ठरलेलं नाही. दोन्ही करून पट्ट्या काढणार आहे. गणपतीनंतर कागद आला की बघू.