हम सापडला, आणि आता अख्खा बँड ३५ सेंट वर चढणार

आमच्या बेळगावच्या मेटल बँडच्या रेकॉर्डिंगमध्ये हम, म्हणजे विजेची गुणगुण, घुमत होता. त्या हमचं मूळ सापडलं. एक नव्हे, दोन निघाली. म्हणून तर एक दाबलं की दुसरं वर यायचं.

मागच्या अपडेटमध्ये बेसचा सूर फिरतोय म्हटल्यावर ज्यांनी ज्यांनी ‘बेसचं इंटोनेशन करून घ्या’ (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर यावा म्हणून तारेची लांबी लावून घ्या) असा सल्ला दिला, त्यांना आधीच सांगून टाकतो: बेस ठणठणीत आहे आणि बेसिस्टही. बिचारा सॅडलचे, म्हणजे तार टेकते त्या आधाराचे, स्क्रू पिळत बसला होता आणि दोष त्याच्या हातात नव्हताच.

पण आधी ड्रम्स. ड्रम्स संपले! सगळी गाणी, वळवाचे दिवस सरायच्या आत. उद्यमबागच्या आमच्या शेडला पत्र्याचं छप्पर आहे, आणि एकदा का बेळगावचा पाऊस धरला की ओव्हरहेड माइकमध्ये (ड्रम्सच्या वर टांगलेल्या) सिंबलपेक्षा पत्राच जास्त वाजतो. भिंतींना जुन्या गाद्या, कोपऱ्यांत रविवार पेठेतून आणलेली रिकामी पोती भरून. इंटरफेसला (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याला) आठ इनपुट, म्हणून माइकही आठच: किकला (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमला) एक, स्नेअरला वर-खाली दोन, टॉमला तीन, ओव्हरहेड दोन. खालच्या स्नेअर माइकची पोलॅरिटी (सिग्नलची वर-खाली दिशा) उलटी केली आणि स्नेअरमध्ये एकदम जीव आला. डबल बेसचं, म्हणजे दोन्ही पायांनी किक वाजवण्याचं म्हणाल तर १८० बीपीएमला (मिनिटाला १८० ठेके) सोळावे, ठेक्याला चार, म्हणजे सेकंदाला बारा ठोके. पूर्वी आमचा गडी ते गप्पा मारत वाजवायचा. आता गुडघ्यांनी १६८ ला संमती दिलीय, म्हणजे अकराच्या जरा वर. पहिला टेक ऐकून तो स्वतःच म्हणाला, “हे जास्त जड वाटायलंय की रे!” वाटतंच. सॅम्पल रिप्लेसमेंट (वाजवलेल्या ठोक्याच्या जागी तयार आवाज बसवणं) करायचं नाही यावर मी अजूनही ठाम आहे. सगळ्यांच्या किकचा आवाज एकाच कारखान्यातून आल्यासारखा का असावा?

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी मागचं थोडक्यात. ३० ऑक्टोबर २०११ ला बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटॅलिका बघितलं, राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं परत आलो, आणि १ नोव्हेंबर उजाडला. बेळगावात त्या दिवशी काय असतं ते इकडच्यांना सांगायला नको. ड्रमर कन्नड, बाकीचे आम्ही मराठी. तो राज्योत्सवाच्या मिरवणुकीत, आम्ही काळ्या दिनाच्या फेरीत, आणि अंगात सगळ्यांच्याच काळे टी-शर्ट, एकाच बँडचे. त्यानंतर कोण पुण्याला गेला, कोण आखातात, कोण बेंगळुरूला. भांडण-बिंडण काही नाही. नुसतं थांबलं. बेसिस्टनं वडिलांचं मशीन शॉप हातात घेतलं, तिथली मागची शेड रिकामी झाली आणि पुन्हा जमलो. एवढंच.

आता हम.

तिसऱ्या गाण्याचा संथ भाग सगळ्यांना माहीत आहे. आपण ड्रॉप सीमध्ये (तारा उतरवून सगळ्यात जाड तार ‘सी’ला), बेस उघड्या ‘जी’ तारेवर लांब सूर धरतो आणि गिटारी वरून पडतात. रेकॉर्डिंगमध्ये तो जी फिरायचा. सेकंदाला एकदा, हळू, आवाज फुगायचा आणि बसायचा. बाकी कुठल्याच सुरावर असं नाही. तार बदलली, ट्यूनर बदलला, पिकअपची (तारेचं कंपन पकडणाऱ्या कॉइलची) उंची खाली केली. “काय मर्दा, परत तुझा जी फिरायलाय,” असं म्हटलं की बेसिस्ट चिडून बाहेर चहाला.

उत्तर आकड्यांत होतं. ड्रॉप सीला बेसची तिसरी तार, तो जी, म्हणजे ४९ हर्ट्झ, सेकंदाला ४९ कंपनं. आपल्या भिंतीतली वीज ५० हर्ट्झ. दोन्ही एकत्र वाजले की फरकाइतके, म्हणजे सेकंदाला एक, बीट पडणार, तोच तो फुगवटा. तानपुरा लावताना जे कानाला कळतं तेच हे, फक्त दुसरी तार सरकारी. ॲनलायझरवर (कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती आवाज ते दाखवतो) हे दिसत का नव्हतं, तर ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने, एका वेळी ४०९६ नमुन्यांचा ब्लॉक ठेवला की एकेक खण जवळपास १२ हर्ट्झचा होतो, आणि ४९ अन् ५० एकाच खणात गडप. लांब सूर धरायला लावला आणि ब्लॉक वाढवत नेला, तेव्हा एकाच्या जागी दोन टोकं उभी राहिली.

कळलं, पण काढायचं कसं? ५० वर नॉच (तेवढीच फ्रीक्वेन्सी कापणारा फिल्टर) लावला तर शेजारचा ४९ पण जातो, म्हणजे नेमका तोच सूर पोकळ. गेट (आवाज बारीक झाला की तो बंदच करणारं यंत्र) लावा म्हणणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. गेट म्हणजे केरावर टाकलेली सतरंजी. पाम म्यूटच्या (तळहातानं तार दाबून वाजवलेल्या ठोक्यांच्या) मधल्या जागेत शांतता मिळते, मान्य. पण इथं सूर चालू असतानाच हम चालू आहे, त्याला गेट काय करणार? वर शेपूट कापली जाते ती वेगळीच.

मग इफेक्ट पेडलांच्या पॉवर सप्लायवर संशय. डब्यावर ठळक अक्षरांत ‘आयसोलेटेड’, म्हणजे प्रत्येक आउटपुट आतून वेगळा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन आउटपुटच्या ग्राउंडना टोकं लावली तर पीऽप. सगळी ग्राउंड आत एकच! म्हणजे डेझी चेनच, एकाच वायरीवर सगळे पेडल, फक्त महागड्या डब्यातली. विकत घ्यायच्या आधी दुकानातच ही टेस्ट करा, दुकानदाराचं तोंड बघू नका. सप्लाय बदलला, गिटारींची भुणभुण कमी झाली. बेसचा जी मात्र तसाच.

इथं एक गोष्ट कळकळीनं. अर्थची पिन काढून हम घालवायचा सल्ला अजूनही फिरतोय. करू नका. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्झीला स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे स्टेजवर अर्थ नसलेल्या माइकला हात लावला आणि शॉक लागून गेला. ग्राउंड लिफ्ट करायचंच (ग्राउंड तोडायचंच) असेल तर डीआय बॉक्सवर (गिटारचा सिग्नल सरळ रेकॉर्डिंगला देणारा डबा) सिग्नलचं करा, ट्रान्सफॉर्मरवाला डीआय घ्या. भिंतीतल्या पिनला हात लावायचा नाही.

आणि मग लाईट गेली.

बाहेर जोरात पाऊस, आम्ही बेसचा स्क्रॅच, म्हणजे कच्चा टेक, घेत होतो. मोठा इंटरफेस भिंतीतल्या विजेवर चालतो म्हणून तो बंद होता. यूएसबीवर चालणारा दोन इनपुटचा छोटा लावलेला, लॅपटॉपला चार्जर. सगळं उद्यमबाग काळोखात. बेसिस्ट हट्टानं वाजवतच राहिला, लॅपटॉप बॅटरीवर रेकॉर्ड करतच राहिला. नंतर फाइल बघितली तर एका जागेपर्यंत वेव्हफॉर्म फुगतोय-बसतोय, फुगतोय-बसतोय, आणि तिथून पुढं सूर सरळ, स्वच्छ, नुसता विरत जाणारा. लाईट आली तिथं परत फुगवटा, सुराच्या मध्यात. इतकं देखणं काही मी बरेच दिवसांत बघितलं नव्हतं. त्या फाइलचा स्क्रीनशॉट आता लॅपटॉपचा वॉलपेपर आहे.

पण घाई नको. लाईट आमची गेली तशी शेजारच्या फौंड्रीचीही गेली होती. बेळगावची फौंड्री म्हणजे काय ते ठाऊकच आहे, आणि आमच्या भिंतीला भिंत लावून जी आहे तिची इंडक्शन भट्टी रात्रीच चालते, नेमकी आमच्या वेळेला. म्हणून पुढच्या खेपेला भट्टी चालू असताना फक्त आमचा मेन स्विच पाडला आणि परत बॅटरीवर घेतलं. ५० हर्ट्झ बराच खाली आला, पण गेला नाही. शिवाय २५०, ३५०, आणि बारीक ५५०, ६५० तसेच उभे. सहा पल्सच्या रेक्टिफायरवाल्यांना (भट्टीत एसीची डीसी करतो तो) हे आकडे ओळखीचे वाटतील: ५० चा पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा हार्मोनिक, म्हणजे पट. ही भट्टीची सही. बेस हातात धरून खुर्चीत गोल फिरलो तर एका कोनात सगळं जवळजवळ नाहीसं. म्हणजे हे तारेतून नाही, हवेतून येतंय, थेट पिकअपच्या कॉइलमध्ये.

थोडक्यात, निम्मा हम आमच्या अर्थिंगचा आणि चार्जरचा, निम्मा भट्टीचा.

अर्थिंगचं मिटलं. वायरमन मामांनी न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये मीटर लावला, ११ व्होल्ट. दोन-तीनच्या वर असू नये म्हणतात. खड्डा कधीचा कुणाला माहीत नाही, आणि इकडची जांभ्याची जमीन उन्हाळ्यात पाणी म्हणून धरत नाही. मामांनी नवा पाइप उतरवला, कोळसा आणि मीठ भरलं, वर पाणी ओतलं. “उन्हाळ्यात घागरभर वतत जावा की ओ, झाडाला वततासा तसं.” आता मीटर दोनच्या खाली. गिटारी गप्प. तार धरली की हम कमी, सोडली की जास्त, हा तुमच्यापैकी अनेकांचा जुना आजारही जवळपास संपला.

उरली भट्टी. तिला बंद करा म्हणायचा आपल्याला काय अधिकार, पोट आहे लोकांचं. गिटारींना हंबकर आहेत, दोन उलट्या गुंडाळीच्या कॉइल, हवेतला हम आपोआप कापतात. गिब्सनच्या सेथ लव्हरनं १९५५ मध्ये हे करून ठेवलं त्याबद्दल त्याला रोज उदबत्ती लावावी. बेस मात्र जॅझ बेस, सिंगल कॉइल. दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की हम कटतो, कारण एक दुसऱ्याच्या उलट गुंडाळलेला असतो. पण मग मधला आवाज दबतो. आपल्याला त्या संथ भागात नुसता ब्रिज पिकअप (तारांच्या टोकाकडचा) पाहिजे, ती गुरगुर दुसरीकडे मिळत नाही. प्रिसिजन बेस घ्या, त्याचा पिकअप हम कापतो, असं कुणी सुचवेलच. उसना आणून बघितला. छान वाजतो, पण गाणं वेगळं होतं.

म्हणून ठरलं की बेसचे सगळे डीआय (ॲम्पशिवायचे सरळ टेक) खानापूरकडे घ्यायचे, ड्रमरच्या मामांच्या शेतघरात. आजूबाजूला ना भट्टी, ना सीएनसी मशीन. छोटा इंटरफेस, लॅपटॉप बॅटरीवर, मेन स्विच खाली. मामींनी जेवणाची जबाबदारी घेतलीय, त्यामुळे सगळा बँड येतोय, ज्यांचं काम नाही तेही.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. मग काल रीअँपचा टेस्ट ऐकला आणि खानापूर तसंच ठेवून बेतात भर पडली.

गिटारींचे डीआय स्वच्छ आहेत, पण ते ट्यूब हेडमधून (गिटारच्या ॲम्पमधून) बाहेर काढून एसएम५७ माइकनं परत घ्यायचेत, यालाच रीअँप म्हणतात. हेड भिंतीतल्या विजेवरच चालणार. रेक्टिफायर ५० चा १०० करतो, आणि गेन या पातळीला नेला की तो १०० बारीक का होईना ऐकू येतोच. आता गिटारची पाचवी तार बघा. ड्रॉप सीला जी, ९८ हर्ट्झ. सेकंदाला दोन बीट! तोच प्रकार एक सप्तक वर. हेड काही शेतात बॅटरीवर नेता येत नाही.

मग म्हटलं, हम हलत नाही ना? आपण हलूया. जी ४९ वर ठेवायची सक्ती कुणी केलीय? तो ५० वर नेला तर बेसचा जी ५०, गिटारचा १००, आणि उरलासुरला हम सुरात. सगळे ज्यावर ट्यून करतात त्या ‘ए’च्या ४४० ला ५० नं गुणून ४९ नं भागा, ए येतो ४४९ च्या आसपास. ३५ सेंट वर. अर्धा सूर शंभर सेंटांचा, म्हणजे त्यापेक्षा कमी. ग्रिडची फ्रीक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ मध्ये राहावी असा नियम आहे, म्हणजे त्या पट्ट्यात अगदी वाईट वेळी बीट पडला तरी बेसला दहा सेकंदांत एक, गिटारला पाच सेकंदांत एक. तो कुणाला कळणार? वर फायदा असा की ताण फ्रीक्वेन्सीच्या वर्गात वाढतो, म्हणजे साधारण चार टक्के. आमची सीची तार तशीही लुळी पडायची, ती जरा ताठ होईल.

व्होकलिस्टला फोन केला. “पस्तीस सेंट? सर्दी झाली की मी तेवढा हलतो, चालतंय.” ड्रमर म्हणाला टॉम कुणी ट्यून केलेत, मला काय. बेसिस्ट बराच वेळ हसत होता. म्हणजे विजेला शरण जायलो होय आपण, म्हणे. जायलो.

एकच अडचण, पेटी. पहिल्या गाण्याच्या आधी हार्मोनियमचा तुकडा आहे. पं. रामभाऊ विजापुऱ्यांच्या गावात राहून मेटल रेकॉर्डमध्ये पेटी नसावी हे मला पटत नाही, आणि भात्याची चरचर माइकवर इतकी भयाण येते की सिंथची गरजच नाही. पण रीड ४४० च्या, त्या काय पिळता येत नाहीत. त्यावर तोडगा असा की पेटी आहे तशी घ्यायची, रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये प्लेरेट (वाजण्याचा वेग) १.०२०४ करायचा आणि पिच जपण्याची खूण काढून टाकायची. टेपचा वेग वाढवल्यासारखं. अर्ध्या मिनिटाचा तुकडा अर्ध्या सेकंदाहून जरासाच जास्त आखूड होईल, आणि भात्याची चरचरही जराशी वर चढेल, चढू दे.

आता मदत पाहिजे ती ट्यूनरची. माझ्या पेडल ट्यूनरचं कॅलिब्रेशन (ए किती धरायचा ते) ४४५ ला थांबतं, क्लिपवाल्याचंही तेच. मोबाइलवरचं ॲप ४४९ घेतं, पण उघड्या बेस जीला ते गोंधळतं, बाराव्या फ्रेटच्या हार्मोनिकवर लावावं लागतं. ४५० पर्यंत जाणारा, खालचे सूर नीट पकडणारा पेडल ट्यूनर कुणी वापरत असाल तर मॉडेल सांगा. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, कुठंही असला तरी येऊन घेऊन जातो, आठवडाभरात परत. खानापूरला जायच्या आधी हातात पाहिजे.