आमची वाटचाल : पेठेतलं दुकान, ऑनलाइन धंदा आणि पक्कं बिल

आमचं दुकान मंगळवार पेठेत. फुटबॉलचे बूट, जर्सी, शिनगार्ड असला माल. कोल्हापुरात हा धंदा का चालतो हे सांगायला नको, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या टीमची मॅच असली की पेठेत माणूस दिसत नाही. आप्पांनी दुकान काढलं तेव्हापासनं आपला माल जालंधर आणि मेरठहून, आणि मोठ्या ब्रँडचे बूट अधिकृत वितरकाकडनं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सिझन बंद पडला, माल तसाच राहिला, मग धाकट्या भावानं बूट ऑनलाइन लावले आणि हळूहळू गोवा, केरळ, पार मणिपूरपर्यंतच्या ऑर्डरी यायला लागल्या.

आता ऑनलाइनला माल जास्त लागतो आणि रेट घासून लागतो, म्हणून आम्ही नवीन होलसेलर बघायला लागलो, तर व्हॉट्सअ‍ॅपवर रांगच लागली. सहा हजार एमआरपीचा बूट हजारात, शंभर टक्के ओरिजिनल, सरप्लस आहे, कस्टमने पकडलेला माल आहे, बिलासहित देतो, फक्त अर्धे पैसे आज टाका कारण दुसरी पार्टी तयार आहे. आप्पांचं यावर एकच म्हणणं, वितरकाला जो माल एवढ्यात पडत नाही तो ह्याला कसा पडतो ते आधी विचार. आणि खरंच, क्लिअरन्सचा माल आम्ही पण घेतो, पण तो कट साइजमध्ये येतो, सहा नंबर आणि अकरा नंबर ढिगानं आणि मधले आठ-नऊ नंबर गायब, कारण चालणारे नंबर आधीच विकले गेलेले असतात. चालू सिझनचं मॉडेल, सगळे रंग, सगळे नंबर, हवे तेवढे जोड आणि वर निम्म्याहून कमी रेट, असा सरप्लस आम्ही तरी अजून बघितला नाही. तो कॉपी माल असतो नाहीतर माल नसतोच.

दिल्लीच्या एका पार्टीनं जीएसटीचं सर्टिफिकेट, गोडाउनचे फोटो, सगळं न मागता पाठवलं. भावानं पंधरा अंकी नंबर जीएसटी पोर्टलवर टाकला, नंबर खरा, ०७ ने सुरू म्हणजे दिल्लीचाच, चालू पण होता, रिटर्न वेळेवर. इथंच बरेच जण थांबतात. पण त्याच पानावर ती फर्म कशाचा व्यापार करते ते पण असतं, तिथं बुटाचं नाव नाही, नळाच्या फिटिंगचा माल! पैसे टाकायला दिलेलं खातं पण फर्मच्या नावाचं करंट खातं नाही, कुणाचं तरी वैयक्तिक. आमच्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या तिथल्या माणसाला पत्त्यावर जायला सांगितलं तर खरंच फिटिंगचं दुकान, आणि त्या बिचाऱ्या मालकाला आपला नंबर कोण वापरतंय याचा पत्ताच नव्हता. आम्ही व्यवहार तिथंच सोडला. म्हणून सांगतो, नंबर खरा निघाला म्हणजे माणूस खरा असं नसतं.

सॅम्पलवर पण आम्ही जात नाही. सॅम्पल शोरूममधनं आणून पाठवता येतं, लॉट वेगळाच येतो. आम्ही व्हिडिओ कॉलवर गोडाउन दाखवायला लावतो, आम्ही सांगू तो बॉक्स उघडायचा, बॉक्सवरचा आर्टिकल नंबर आणि बुटाच्या जिभेवरच्या लेबलचा नंबर जुळायला पाहिजे, एमआरपी आणि कंपनी नाहीतर इम्पोर्टरचा पत्ता छापलेला पाहिजे. मग छोटा लॉट, पक्क्या बिलावर, आणि मोठी ऑर्डर लगेच नाही, आधी पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला ते बिल आमच्या २बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या आपल्या खरेदीच्या यादीत, दिसतंय का बघायचं. नाही दिसलं तर त्यानं आपल्याकडनं टॅक्स घेऊन रिटर्नमध्ये अजून दाखवलेला नाही, आणि भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट आपलं अडकणार. परराज्यातनं पन्नास हजारावरचा माल येणार असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन जीएसटी कागद, मागायचंच. "माल निघालाय, आता ट्रान्सपोर्टचे अजून टाका" असा फोन आला तर समजायचं. पैसे गेलेच तर गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जेवढा लवकर तेवढी रक्कम गोठवायची शक्यता जास्त.

काही जण म्हणतात फर्स्ट कॉपी विकली तर काय झालं, गिऱ्हाईक खूश आहे की. आम्हाला हे पटत नाही. एक तर ट्रेडमार्क कायद्यात नकली माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, विकणारा म्हणून आपण धरले जातो. आणि दुसरं, त्या बुटाचा सोल भर मॅचमध्ये सुटतो, पोरगं घोटा मुरगाळून बसतं, सिझन जातो त्याचा. त्या पोरांना आम्ही ओळखतो ओ.

ऑनलाइन प्लॅटफॉर्मनं एकदा मालाच्या खरेपणाबद्दल विचारलं तेव्हा वितरकाची बिलं लगेच पाठवता आली, लिस्टिंग चालू राहिली. आमचा मार्जिन कमी आहे हे खरं, त्यावर आता असं काढलंय की सांगली आणि इचलकरंजीच्या दोन दुकानदारांना बरोबर घेऊन वितरकाकडं एकत्र ऑर्डर लावायची, म्हणजे वरच्या स्लॅबचा रेट मिळतो, बिलं मात्र तिघांची वेगवेगळी. ह्या सिझनचा माल तसाच आलाय.